प्लेटमधले न्यूरॉन सुटून येतात, औषधांची चाळणी कशी लावू?

वाचकाचं पत्र: "महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी सेल कल्चर बघते. ठाण्यातल्या एका सहा वर्षांच्या मुलाच्या रक्तापासून केलेली आयपीएस लाइन, म्हणजे कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशी, आमच्याकडे आहे. त्याला ड्रॅव्हे सिंड्रोम हा फिट्सचा आजार आहे, एससीएन१ए जनुकात बिघाड. कंट्रोल म्हणून एका निरोगी माणसाची विकतची लाइन वापरतो. त्यांत एनजीएन२ जनुक घालून, तो डॉक्सीसायक्लिन या औषधाने चालू करून मी न्यूरॉन करते. दहाव्या दिवसापर्यंत प्लेट सुरेख दिसते. बारा-चौदाव्या दिवशी कडेने सुटायला लागते आणि चादरीसारखी गुंडाळून वर येते. मुलाच्या लाइनमध्ये हे जास्त होतं, म्हणून सर म्हणतात हाच आजाराचा परिणाम असेल. वाचलेल्या प्लेटा खारघरला नेऊन एमईएवर, म्हणजे न्यूरॉनांचे विजेचे ठोके (फायरिंग) टिपणाऱ्या इलेक्ट्रोडच्या यंत्रावर, मोजतो. मागच्या खेपेला कार्बामाझेपिन या फिट्सच्या औषधाने फायरिंग छान शांत झालं, त्याआधीच्या खेपेला नाही. सरांना तीन महिन्यांत ८० औषधांची चाळणी हवी आहे. त्यात मुलाच्या आईला माझा नंबर कुठून तरी मिळालाय. दर आठवड्याला त्यांचा फोन येतो, 'ताई, कुठलं औषध चाललं?' काय सांगू त्यांना?"
एक वाचक, ऐरोली

सप्रेम नमस्कार.

तुमचा प्रश्न सुटणाऱ्या न्यूरॉनांचा आहे, पण पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ दुसरीच आहे. कार्बामाझेपिनने फायरिंग छान शांत झालं, असं तुम्ही लिहिलंय. ड्रॅव्हेच्या मुलांना कार्बामाझेपिन देत नाहीत. फेनिटॉइन आणि लॅमोट्रिजिनही टाळतात. सोडियम चॅनेल अडवणाऱ्या या औषधांनी त्यांच्या फिट्स वाढू शकतात. म्हणजे तुमच्या प्लेटने ज्याला पहिल्या नंबरात पास केलं, ते औषध त्या मुलाला दिलं तर त्याचे हाल होतील. ८० औषधांची चाळणी आज लावलीत, तर यादीच्या वर हीच मंडळी येऊन बसणार. म्हणून आधी हे बोलू, सुटण्याकडे मग येऊ.

एससीएन१ए जनुक एनएव्ही१.१ नावाचं सोडियम चॅनेल बनवतं. उंदरांवरच्या कामातून २००६ साली दिसलं की हे चॅनेल अर्धं झालं की सगळ्यात जास्त फटका बसतो तो गाबा सोडणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या न्यूरॉनांना आवर घालणाऱ्या पेशींना. त्या पेशी ढिल्या पडतात, बाकीचं जाळं बेफाम होतं आणि फिट येते. एनजीएन२ पद्धत २०१३ सालची. ती लोकप्रिय झाली कारण दोन आठवड्यांच्या आत जवळजवळ एकसारखे न्यूरॉन देते. पण ते जवळजवळ सगळे ग्लूटामेट सोडणारे, उत्तेजक न्यूरॉन असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे. नुसत्या उत्तेजक पेशींच्या जाळ्यावर सोडियम चॅनेल अडवणारं औषध टाकलं की जाळं शांत होणारच, त्यात आजाराचा काही संबंध नाही. मुलाच्या डोक्यात मात्र तेच औषध आधीच दमलेल्या आवर घालणाऱ्या पेशींना आणखी दाबतं. रुग्णांच्या आयपीएस पेशींवर काम करणाऱ्या काही गटांना उत्तेजक न्यूरॉनही अतिचपळ आढळले, काहींना बिघाड फक्त गाबावाल्यांत दिसला. यावर एकमत नाही, आणि नेमकं म्हणूनच एकाच जातीच्या पेशीवर चाळणी लावू नये.

तेव्हा गाबा न्यूरॉन वेगळे बनवा. एएससीएल१ आणि डीएलएक्स२ हे दोन घटक डॉक्सीसायक्लिनवर चालवले की आयपीएस पेशींपासून गाबा न्यूरॉन मिळतात. ते आळशी असतात, कामाला लागायला पाच-सहा आठवडे घेतात. दोन्ही जाती वेगळ्या तयार करून दर दहा पेशींत सात उत्तेजक आणि तीन गाबा अशा मिसळा, सोबत अॅस्ट्रोसाइट, म्हणजे न्यूरॉनांना आधार देणाऱ्या पेशी, द्या. डॉक्सीसायक्लिन २ मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरतं. ते उजेडाने खराब होतं, म्हणून फॉइलमध्ये ठेवा. माइटोकॉन्ड्रियावरही त्याचा परिणाम होतो, तेव्हा कंट्रोलला तितकंच आणि तितकेच दिवस द्या.

इथे आणखी एक खोच आहे. कोवळ्या न्यूरॉनमध्ये क्लोराइड जास्त असतं, त्यामुळे गाबा त्यांना शांत करण्याऐवजी चाळवतो. केसीसी२ हा क्लोराइड बाहेर काढणारा पंप पुरेसा तयार झाल्यावरच गाबाचा ब्रेक लागायला लागतो. त्याआधी क्लोबाझाम हे गाबाचा ब्रेक वाढवणारं औषध टाकलंत तर ते निकामी दिसेल, प्रसंगी उलटंही दिसेल, आणि एक चांगलं औषध तुमच्या यादीतून बाद होईल. तपासणी सोपी आहे: प्लेटच्या दोन-तीन वेलमध्ये, म्हणजे खळग्यांत, गाबाचा ब्रेक अडवणारं पिक्रोटॉक्सिन ५० मायक्रोमोलर टाका. फायरिंग वाढलं तर ब्रेक लागत होता असं समजा. काहीच झालं नाही किंवा कमी झालं तर औषधाला हात लावू नका, आणखी दोन आठवडे थांबा.

एका बाबतीत मात्र तुमचं नशीब बरं आहे. रक्तपेशीला आयपीएस बनवताना तिचं वय पुसलं जातं आणि त्यापासून केलेले न्यूरॉन गर्भातल्या न्यूरॉनांसारखे कोवळे राहतात. अल्झायमरवर काम करणाऱ्यांना हे फार नडतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत टाऊ प्रथिनाची तीन आणि चार पुनरावृत्त्यांची रूपं साधारण सारखी असतात, प्लेटमधल्या न्यूरॉनात बहुतेक तीनचंच असतं. ड्रॅव्हे पहिल्याच वर्षात सुरू होतो, त्यामुळे कोवळ्या पेशीत तो शोधणं इतकं गैर नाही.

आता सुटण्याबद्दल. याला आजाराचा परिणाम म्हणायला आम्ही तयार नाही, निदान तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी. चादर गुंडाळून येते तेव्हा न्यूरॉनांचे तंतू एकमेकांना खेचत असतात आणि खालची पकड त्या ओढीपेक्षा कमी पडते. म्हणजे बघायच्या गोष्टी दोनच, पकड आणि ओढ.

पकड आधी बघू. तुम्ही प्लेटला काय लावता ते लिहिलेलं नाही, पण दहा दिवस टिकून मग सुटते यावरून नुसतं मॅट्रिजेल हे प्लेटवर लावायचं जेल असावं असा आमचा अंदाज. आयपीएस वाढवायला ते उत्तम, महिनाभर न्यूरॉन धरून ठेवायला अपुरं. पहिले चार दिवस मॅट्रिजेलवरच करा. मग अॅक्युटेजने (पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइमने) उचलून नव्या प्लेटवर लावा. त्या प्लेटला पॉली-एल-ऑर्निथिन १५ ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिली, बोरेट बफरमध्ये, रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुवा आणि यात कंजुषी करू नका. उरलेलं ऑर्निथिन पेशींना मारतं आणि दोष भलत्यालाच जातो. वाळल्यावर लॅमिनिन ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, किमान दोन तास. लॅमिनिनचा थर वाळू द्यायचा नाही, पेशी टाकायच्या क्षणीच ते ओढून घ्यायचं. लॅमिनिनची कुपी फ्रीजमध्येच हळूहळू वितळवा. बाहेर टेबलावर ठेवलीत तर त्याचा गोळा होतो आणि प्लेटवर काही बसतच नाही. पुढे आठवड्यातून एकदा मीडियममधून (पेशींच्या पोषक द्रवातून) लॅमिनिन द्या, १ मायक्रोग्रॅम प्रति मिली.

ओढ वाढण्याचं मुख्य कारण गर्दी. ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका वेलला ४० हजार पेशी ठेवा, ट्रायपॅन ब्लूने मेलेल्या वगळून मोजलेल्या. दुसरं कारण जास्त फसवं आहे. न्यूरॉन न झालेल्या पेशी खाली वाढत राहतात, त्यांचे ढीग होतात आणि ढीग चादर खेचतात. तुमच्या एनजीएन२च्या बांधणीत प्युरोमायसिन या पेशी मारणाऱ्या औषधापासून वाचवणारा जनुक असेल तर दुसऱ्या दिवसापासून २४ ते ४८ तास प्युरोमायसिन द्या. १ मायक्रोग्रॅम प्रति मिलीपासून सुरुवात करा, पण प्रत्येक लाइनचा मारक डोस आधी वेगळा काढा. त्यातूनही उरल्या तर पाचव्या दिवशी वाढत्या पेशी मारणारं अॅरा-सी, २ मायक्रोमोलर, एक-दोन दिवस. अॅस्ट्रोसाइट मात्र त्यानंतरच घाला, नाहीतर तेही मरतील.

मुलाची लाइन जास्त सुटते त्याचं कारणही बहुधा यातच आहे. ती लाइन भराभर वाढत असेल किंवा तिच्यात न्यूरॉन न झालेल्या पेशी जास्त उरत असतील. एकाच प्लेटमध्ये दोन्ही लाइन आलटून पालटून रांगांत लावा, वेलला २५, ४० आणि ६० हजार. दहाव्या दिवशी काही वेल केआय६७साठी रंगवा, हे प्रथिन अजून वाढत असलेल्या पेशींत दिसतं. मुलाची लाइन फक्त ६० हजारांवर सुटली, किंवा केआय६७वाल्या पेशी तिच्यात ढिगाने दिसल्या, तर सरांना ती प्लेटच दाखवा.

मीडियम बदलताना सगळं ओढून घेऊ नका. आठवड्यातून दोनदा निम्मं बदला. ते कोमट असू दे, पिपेटचं टोक भिंतीला टेकवून हळू सोडा. फ्रीजमधून काढलेलं गार मीडियम जोरात मारलं की दुसऱ्या दिवशी कडा उचललेल्या दिसतात. कडेच्या ३६ वेलांत पेशी लावू नका, निर्जंतुक पाणी भरा. तिथून बाष्प जास्त उडतं, मीडियम घट्ट होतं, आणि कडेचा परिणाम औषधाचा परिणाम म्हणून वहीत चढतो.

खारघरच्या प्रवासाचं काय? ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भे आणि पुढे सायन-पनवेल महामार्ग, तोही पावसाळ्यात, हे तीन आठवड्यांच्या न्यूरॉनांना झेपणारं प्रकरण नाही. हादरे असतात, गाडीच्या एसीचा गारठा असतो, आणि कार्बन डायऑक्साइडच्या बाहेर आल्यावर थोड्याच वेळात मीडियम अल्कलीकडे जाऊन गुलाबी-जांभळं दिसायला लागतं. तुमच्या दोन खेपांमधला फरक निम्मा तरी या रस्त्याचा असण्याची दाट शक्यता आहे. जिवंत प्लेट नेऊच नका. चौथ्या दिवशीच्या पेशी गोठवून व्हायल कोरड्या बर्फात न्या आणि लागवड खारघरलाच करा. गोठलेल्या व्हायलला खड्ड्यांची फिकीर नसते. तिथे इन्क्युबेटरची जागा मिळत नसेल आणि प्लेट न्यावीच लागली, तर मीडियममध्ये आम्लता स्थिर ठेवणारं हेपेस २० मिलीमोलर, ३७ अंशांना तापवलेल्या जेलच्या पिशव्या लावलेला थर्माकोलचा डबा, आणि पोचल्यावर पूर्ण एक दिवस विश्रांती. त्याच दिवशीचं मोजमाप वहीत धरायचं नाही.

गोठवण्याने खेपेगणिक बदलणारा निकालही बराच आटोक्यात येतो. दर खेपेला नव्याने न्यूरॉन करण्याऐवजी एकदाच मोठी बॅच करा आणि चौथ्या दिवशी ५० लाखांच्या व्हायल भरा. हिशेब असा: आतल्या ६० वेलांना ४० हजारांप्रमाणे २४ लाख पेशी लागतात, वितळवल्यावर ६० टक्के जगल्या तर ४० लाख घ्याव्या लागतील, वरचे दहा लाख सांडण्या-मोजण्याला. एक व्हायल, एक प्लेट. वितळवल्यावर पहिले २४ तास पेशी जगवणारं वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर. अशा तीन स्वतंत्र बॅच ठेवा. निकाल तिन्हींत दिसला तर तो धरायचा. तुमचा नमुना म्हणजे बॅच आणि क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेली लाइन). एका प्लेटचे ६० वेल म्हणजे एकाच माणसाची साठ वेळा विचारपूस.

एमईएच्या प्लेटमध्ये पेशी इलेक्ट्रोडवर ८ मायक्रोलिटरच्या थेंबात लावा, ६० हजार. वेलच्या भोवतीच्या खाचांत पाणी भरा, तासाभराने कडेने मीडियम सोडा. न्यूरोबेसल मीडियममध्ये न्यूरॉन जगतात पण त्यांचं फायरिंग दबतं. ब्रेनफिज त्यासाठीच २०१५ साली आलं, दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू त्यावर न्या. मोजायच्या आदल्या दिवशी मीडियम बदला, मोजायच्या दिवशी नाही. प्लेट यंत्रात ठेवल्यावर दहा मिनिटं स्वस्थ बसा, मग पंधरा मिनिटं नोंद घ्या. प्रत्येक वेलची औषधाआधीची नोंद हाच त्या वेलचा पहिला कंट्रोल.

दुसरा कंट्रोल म्हणजे तुमची विकतची लाइन, आणि ती कच्ची आहे. दोन अनोळखी माणसांच्या न्यूरॉनांत आजार नसतानाही भरपूर फरक असतो. मुलाच्याच लाइनमधला एससीएन१एचा बिघाड क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने दुरुस्त करून घ्या, निदान दोन क्लोन. यात कित्येक महिने जातील, ते सरांना आत्ताच सांगा. तोवर वडिलांची लाइन विकतच्या लाइनपेक्षा बरी. ड्रॅव्हेतला बिघाड बहुतेक वेळा मुलात नव्यानेच आलेला असतो, पण वडिलांमध्ये तो नाही याची खात्री करून घ्या. लाइनची प्रकृतीही बघा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूची पीसीआर दर महिन्याला, कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) दर दहा पॅसेजला, म्हणजे पेशी दहा वेळा नव्या प्लेटवर हलवल्या की. विसाव्या गुणसूत्रावरचा २०क्यू११.२१चा तुकडा वाढलाय का ते वेगळं क्यूपीसीआरने तपासा, कारण तो लहान असला की कॅरिओटाइपमध्ये दिसत नाही. तो वाढलेल्या पेशी मरायला तयार नसतात आणि भराभर पसरतात. मुलाची लाइन जास्त गर्दी करण्यामागे हेही असू शकतं, म्हणून ही तपासणी याच आठवड्यात. अँटिबायोटिक घालून कल्चर स्वच्छ दिसतंय यावर विसंबू नका. आणि जून ते सप्टेंबर कल्चर रूममध्ये पुठ्ठ्याचं एकही खोकं नको. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी तिथूनच येते.

आता सरांची ८० औषधं. प्रत्येकी तीन डोस, प्रत्येक डोसला तीन वेल, म्हणजे ७२० वेल. ४८ वेलच्या एमईए प्लेटमध्ये आठ वेल कंट्रोलला गेले की ४० उरतात, म्हणजे १८ प्लेटा. मुलाची आणि दुरुस्त अशा दोन लाइन धरल्या की ३६, तीन बॅच धरल्या की १०८. हा हिशेब कागदावर मांडून टेबलावर ठेवा. तीन महिन्यांचा आग्रह त्यातच विरघळेल.

त्याऐवजी या तीन महिन्यांत सहाच औषधं घ्या, ज्यांचं उत्तर दवाखान्यात आधीच माहीत आहे. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल ही उपयोगी पडणारी. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही त्रास देणारी. तुमच्या मिश्र प्लेटने हे दोन गट वेगळे केले, तरच सातव्या औषधाबद्दल ती काही सांगू शकते. फेनफ्लुरामाइन मुद्दाम घेतलं नाही. ड्रॅव्हेत ते वापरतात, पण त्याचं काम मुख्यतः सेरोटोनिनवर चालतं, आणि तुमच्या प्लेटमध्ये सेरोटोनिनचे न्यूरॉनच नाहीत.

डोस ठरवताना रक्तातली पातळी जशीच्या तशी उचलू नका. कार्बामाझेपिनची उपचाराची पातळी ४ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे साधारण १७ ते ५० मायक्रोमोलर. त्यातलं तीन चतुर्थांश प्रथिनांना चिकटलेलं असतं. तुमच्या मीडियममध्ये प्रथिनं नगण्य, म्हणून प्लेटला ४ ते १२ मायक्रोमोलर पुरे. ५० टाकलंत तर जे शांत होईल ते विषाने शांत होईल. व्हॅल्प्रोएटबद्दल सावध राहा. ते एचडीएसी एन्झाइम अडवतं, चार दिवस ठेवलं तर जनुकांची उघडझाप बदलते. तासाभराचा परिणाम आणि चार दिवसांचा परिणाम वेगळे नोंदवा. औषध विरघळवायचं डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्का, कंट्रोलमध्येसुद्धा. सोडियम चॅनेल बंद करणाऱ्या टीटीएक्स या विषाने, १ मायक्रोमोलरला, सगळं फायरिंग बंद झालंच पाहिजे. या दोन टोकांवरून झेड-प्राइम, म्हणजे चाचणी किती भरवशाची ते सांगणारा आकडा, काढा. ते ०.५च्या वर असेल तर चाळणी लावण्यात अर्थ आहे, शून्याच्या खाली असेल तर पैसे वाचवा.

हा मार्ग फुकट जात नाही, हे सरांना पटवायला एक उदाहरण हाताशी ठेवा. एएलएस, म्हणजे स्नायू हलवणारे मोटर न्यूरॉन मरत जाण्याचा आजार, त्याच्या रुग्णांच्या आयपीएस पेशींपासून केलेले मोटर न्यूरॉन अतिचपळ असतात आणि रेटिगाबिन त्यांना शांत करतं, असं २०१४ साली दिसलं. मग एझोगाबिन या नावाने तेच औषध ६५ रुग्णांच्या चाचणीत तपासलं, तेव्हा ते घेणाऱ्यांच्याही मोटर न्यूरॉनांची चपळता कमी झाली. आयुष्य वाढतं का, हे त्या चाचणीने तपासलंच नव्हतं. पण प्लेटमध्ये जे मोजलं तेच माणसात मोजलं, म्हणून त्या निकालाला वजन आलं.

राहता राहिला त्या आईंचा फोन. हे तुमच्या एकटीच्या खांद्यावर यायलाच नको होतं. दात्याची ओळख सांकेतिक ठेवायची असते आणि तुमचा नंबर त्यांच्यापर्यंत पोचला, म्हणजे कुठेतरी फट आहे. ती संस्थेच्या एथिक्स कमिटीला लेखी कळवा. त्याच वेळी मूलपेशी संशोधनाच्या संस्थात्मक समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी क्रिस्परच्या कामासाठी पुरेशी आहे का, तेही बघून घ्या.

पुढचा फोन आला की टाळू नका, एकदाच नीट बोला. "ताई, तुमच्या मुलाच्या पेशींवरचं काम अजून औषध ठरवण्याच्या टप्प्याला आलेलं नाही. आमच्या प्लेटमध्ये जे दिसतं त्यावरून त्याच्या गोळ्या बदलणं धोक्याचं आहे. औषधाचा प्रश्न त्याच्या मेंदूविकार डॉक्टरांनाच विचारा, आणि आमच्याकडून काही कळवायचं झालं तर ते त्यांच्यामार्फतच येईल." कार्बामाझेपिनचं नाव चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. त्यांनी सहमतीपत्रावर काय वाचून सही केली होती, त्याची मराठी प्रत त्यांच्याकडे आहे का, हे डॉक्टरांमार्फत विचारा; नसेल तर पोचवायची व्यवस्था करा.

आणखी एक गोष्ट त्यांना आपणहून सांगा, कारण त्या न विचारताही कोणीतरी त्यांना गाठणारच. फिट्सवर मूलपेशींचं इंजेक्शन म्हणून कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतलं मूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधन आहे. ते मंजूर चाचणीतच करता येतं आणि रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत. मुलाच्या पेशी तुमच्या प्लेटमध्ये असणं आणि कुणाच्या पेशी त्याच्या अंगात टोचणं यातला फरक त्यांना फोनवर दोन मिनिटांत सांगता येईल.

पुढच्या पत्रासोबत चौथ्या आणि दहाव्या दिवसाचे फोटो, दोन्ही लाइनची पेशींची मोजणी आणि २०क्यू११.२१चा निकाल पाठवा.